चाळीस सेंटिमीटर

स्वीडनमधल्या उमिओ शहरातल्या नव्या सातमजली इमारतीची लिफ्ट गुनिला आखत होती. तिचे वडील गेले, तेव्हा अरुंद लिफ्टमधून त्यांना उभं करून खाली आणावं लागलं होतं. ते तिच्या मनातून जात नव्हतं. म्हणून स्ट्रेचर आडवं मावेल अशी, चाळीस सेंटिमीटर जास्त खोल लिफ्ट तिने नकाशात काढली.

"अगं, लोक इथं जगायला येणारेत, मरायला नाही!" बिल्डर स्टेलान वैतागला.

"कधी ना कधी लागेलच," गुनिला म्हणाली आणि हटली नाही.

लोक राहायला आले त्याच आठवड्यात सातव्या मजल्यावर स्ट्रेचर लागलं. त्यावर तिथं राहणारी एलिन, शेजारी नर्स, अशा दोघी लिफ्टमध्ये शिरल्या.



तळमजल्यावर दार उघडलं तेव्हा आत तिघं होती, आणि तिसरं जोरजोरात रडत होतं.