वीराची पाठ

दगडी वीराच्या पायथ्याची माती खणून झाली, त्याच्या कमरेला दोर बांधून झाला, आणि तिथेच घोडे पेंड खाऊ लागले.

"तोंड माझ्या बाजूला. थोरला मी आहे," सावेरियू म्हणाला.

"आणि मी जन्मभर त्याची पाठ बघू?" मातेऊ उसळला. "दादा, मेंढ्या निम्म्या दिल्यास, मग त्याची नजर तेवढी अख्खी हवी होय तुला?"

माणसाच्या रूपाचा तो दगड कॉर्सिका बेटाच्या त्या उतारावर कोणी उभा केला, हे कोणालाच ठाऊक नव्हते. पुढून डोळे, कान आणि तलवार. मागून खांद्यांची पाती आणि कण्याची सरळ खाच. वीर ज्या कळपाकडे पाहतो त्याला कोल्हा शिवत नाही, अशी धनगरांची समजूत. आज कुरणाची वाटणी होती, आणि सीमा नेमकी त्याच्या पायांतून जात होती.

त्यांची आई ओर्सोला काठीवर दोन्ही हात ठेवून उभी होती. वाटणीला तिने एकाच अटीवर होकार दिला होता: कुरण तोडा, पण रविवारी दोघांनी तिच्याच मेजावर जेवायचे.

"पाठ माझ्याकडे आली, तर तुझ्या मेजावर मी पाऊल ठेवणार नाही, आई," मातेऊ म्हणाला.

"माझ्याकडे आली, तर मीही नाही," सावेरियूने लगेच भर घातली.

"अरे मेल्यांनो, याच्याच सावलीत तुमचा बाप एक भाकरी दोघांत मोडून द्यायचा. तेव्हा वीर कुठे बघतो, हे विचारलं होतं का कोणी? खेचा, फिरवा, उलटा टांगा त्याला! माझी चूल खोळंबली आहे."

अखेर खेचर जुंपले गेले. दगड करकरला, डगमगला आणि आडवा वळून खालच्या दरीकडे पाहू लागला. भावांच्या वाट्याला आता त्याची एकेक बाजू आणि एकेक कान आला.

"झालं! पाठ कोणालाच नाही," सावेरियूने घाम पुसला. "समसमान!"

"कान मिळाले हे बरं झालं," ओर्सोला म्हणाली. "आपल्या घरात कोणाला नव्हतेच."

दुपारी दोघे हात धुऊन मेजाशी आले. मटणाच्या रश्श्याचे पातेले वाफाळत होते, भाकरी कापून ठेवली होती. ओर्सोलाने आपली खुर्ची उचलली, भिंतीकडे तोंड करून ठेवली आणि ती बसली.

"आई, हे काय?" मातेऊने विचारले.

"समसमान," ती भिंतीला म्हणाली. "घ्या वाढून."

कोणी पळी उचलली नाही. समोर काळ्या चोळीखाली खांद्यांची दोन पाती उठून दिसत होती, आणि त्यांच्या मधोमध कण्याची सरळ रेघ.