मांडवातली झोप

या हो मायबाप, सरका असे जवळ. झोपेची गोष्ट आहे, पण ऐकताना तुमचा डोळा लागणार नाही, ही जबाबदारी माझी.

टाळ एकदम थांबले. वासुदेवराव महाराजांनी बोट रोखलं ते थेट मांडवाच्या कडेच्या खांबाकडं. खांबाला पाठ टेकून, तोंड उघडं टाकून डोमाजी घोरत होता. मृदंग थांबल्यावर तर ते घोरणं पार मागच्या रांगेपर्यंत पोचलं.

"उठवा त्याले!" महाराज गरजले. "हे देवाचं दार हाये का म्हशीचा गोठा?"

आष्टीकडचं गाव ते. सप्ताह बसलेला, कीर्तन दुपारचं. बायाबापड्यांच्या माना वळल्या आणि हसू फुटलं. तसं पाहिलं तर कीर्तनात डुलकी कोणाला लागत नाही? मृदंगाच्या आडोशाला भलेभले पेंगतात, आणि देवही ते मनावर घेत नाही. पण डोमाजीचं वेगळं होतं. तो महाराजांचा सख्खा धाकटा भाऊ. दोघांचे संत्र्याचे बगीचे लागून, मध्ये एकच धुरा, म्हणजे मातीचा बांध. वाटणी झाल्यापासून हा म्हणे त्यानं धुरा कोरला, तो म्हणे यानं. बोलणं बंद, एकमेकांच्या घरचं पाणी बंद. मयतीला गेले तरी पाठीला पाठ करून बसायचे. असा हा वैरी रोज सगळ्यांच्या आधी येऊन त्या खांबापाशी बसायचा, आणि महाराजांनी अभंग उचलला की घोरायला लागायचा.

भावाचा पाणउतारा करायलाच येतो, असं गाव म्हणायचं. महाराजही तेच समजून होते. त्या दिवशी आधीच त्यांचं चित्त ठिकाणावर नव्हतं. बोलता बोलता ओळ विसरले होते, टाळकऱ्यांवर विनाकारण डाफरले होते. त्यात हे घोरणं.

मंदिराचे कारभारी रूपराव उठले आणि त्यांनी डोमाजीचा खांदा गदगदा हलवला. "ओ कुंभकर्ण! घरी खाट नाई काय?"

"खाट हाये भाऊ," मागून कोणी टोला हाणला, "पन तिथं परसाद कोन वाटते?"

डोमाजी दचकून जागा झाला. घाबऱ्या नजरेनं त्यानं इकडंतिकडं पाहिलं. समोर भाऊ उभा दिसला तेव्हा कुठं त्याचा जीव भांड्यात पडला.

"उद्यापासून याले मांडवात पाय ठेवू देऊ नका," महाराज म्हणाले. "ज्याले माह्या तोंडून देवाचं नाव आयकवत नाई, त्यानं आपल्या घरी पडावं."

तेव्हा बायांच्या बाजूनं रुख्मिणी उठली. डोमाजीची बायको. भासऱ्यांसमोर, म्हणजे या थोरल्या दिरासमोर, तिनं आजवर मान वर केली नव्हती. आताही केली नाही. पदर कपाळावर ओढून खाली बघतच बोलली.

"तसं नका करू जी. घरी याईले झोपच नाई. काशाच्या वाटीनं तळपाय घासून देल्ले. खसखस वाटून दुधातून देल्ली. सावंगीच्या दवाखान्यातून गोळ्या आनल्या. गोळीनं डोळे मिटते, पन कान जागेच राह्यते. पान वाजलं का उठते अन बॅटरी घेऊन बगीच्यात पळते. अंगात मास नाई उरलं त्याईच्या. दिवसातून येवढी एकच झोप हाये. ते बी तोडता काय?"

एका म्हातारीनं डोळे पुसले. रूपरावांचा आवाज एकदम मऊ पडला. त्यांनी हात जोडले.

"पाहा महाराज! दवाखान्यानं झालं नाई ते नामानं केलं. हरिनामाचा महिमा म्हनतात तो हाच."

"काई महिमा-गिहिमा नाई!" डोमाजी खेकसला. "हा इथं साऱ्या गावासमोर गाऊन राह्यला, तेवढा वेळ मले पक्कं ठाऊक असते का हा धुऱ्यावर नाई. म्हून झोपतो मी."

महाराजांच्या कपाळावरचा बुक्का घामानं नाकावर ओघळला. हा माणूस हातातले टाळ भावाच्या टाळक्यात घालतो की काय, असं वाटून रूपराव मध्ये सरकले.

महाराजांनी टाळ गळ्यातून काढून मृदंग्याच्या मांडीवर टाकले. मागं वळले. तिथं विणेकरी उभा होता. त्याच्या गळ्यातली वीणा त्यांनी काढून घेतली. सप्ताहाची वीणा भुईला टेकवत नाहीत. ज्याच्या गळ्यात ती असते, त्यानं दुसरा घ्यायला येईपर्यंत मांडवाबाहेर पाऊल टाकायचं नसतं. गावातल्या शेंबड्या पोरालाही हे माहीत असतं.

ती वीणा घेऊन महाराज गर्दीतून वाट काढत डोमाजीपाशी आले. त्यांनी त्याला दंडाला धरून उभं केलं. जवळून पाहणाऱ्यांना दिसलं, दोघांचेही डोळे सारखेच तांबडे होते. महाराजांनी वीणा धाकट्याच्या गळ्यात अडकवली आणि त्याच्याच जागेवर, त्याच खांबाला पाठ लावून खाली बसले.

"हालू नको इथून," डोळे मिटत ते म्हणाले. "हे गळ्यात हाये तवर तू बी धुऱ्यावर जाऊ शकत नाई. वाटनी झाल्यापासून माह्या बी डोयाले डोया नाई लागला."

त्या दुपारी कीर्तन अर्धंच राहिलं. तेव्हा मायबाप हो, उद्या शेजारी कोणी घोरताना दिसला, तर त्याला हलवण्याआधी डोमाजीची आठवण ठेवा. आणि जमलं तर गाणाऱ्याचीही.