पंचफुलाची कार्डं

"कार्डावर लेकराचं लिवा, मास्तरीणबाई. तुमचं नका लिवू."

कुडापलीकडून शेजारची पंचफुला असं म्हणाली, तेव्हा मंजुळा नुसती हसली होती. प्रौढांच्या वर्गात चार महिने पाटी गिरवलेली बाई बी.ए. झालेलीला पत्र कसं लिहायचं ते सांगत होती! मंजुळाने पेनात शाई भरली आणि वळणदार अक्षरात लिहिलं, 'मी पदवीधर गृहिणी असून बालसंगोपनाबाबत काही समस्या भेडसावत आहेत. तरी योग्य मार्गदर्शन व्हावे, ही नम्र विनंती.'

हे तिचं तिसरं कार्ड होतं. हगवण हा शब्द काही तिच्याने लिहवेना. दर बुधवारी दुपारी रेडिओवर गावोगावच्या पत्रांना उत्तरं मिळत, आणि ग्रामपंचायतीचा भोंगा ती अर्ध्या डोंगरकडा गावाला ऐकवी. नरसिंग गुरुजींच्या शिकलेल्या बायकोचं लेकरू आजारी आहे, हे निंबाखाली बसून साऱ्यांनी ऐकायचं?

तिच्या एकाही कार्डाला उत्तर आलं नाही. पंचफुलाच्या मात्र प्रत्येक कार्डाला आलं.

"डोंगरकड्याहून पंचफुला भिवाजी विचारतात..." भोंगा म्हणाला की सगळ्या माना तिच्याकडे वळत. एकदा कोंबड्या. दोन दिवसांपासून मान टाकून उभ्या, विष्ठा पांढरी, तीन मेल्या, चार राहिल्या. एकदा बैलाचा खांदा. एकदा बोटांच्या बेचक्यातली खाज, एका वाकळीत कितीजण झोपतात त्यासकट. बायका तोंडाला पदर लावून खिदळत.

"पंचफुले, आता तो रेडिओवालाच न्हेतो बघ तुला!" भागूबाई म्हणाली.

"न्हेऊ दे की. भाकरी तरी त्यो थापंल," पंचफुला म्हणाली. हसता हसता तिला खोकल्याची ढास लागली. पदर सावरताना हिरव्या बांगड्या थेट कोपरापर्यंत घसरल्या.

मंजुळाने ते पाहिलं. तिला सगळंच दिसायचं. बाई बारीक झाली होती, अधूनमधून बरगडीला हात लावून उभी राहायची. नखरे, मंजुळाच्या मनात आलं. तीन वेळा नाव पुकारलं गेलं की माणूस असंच मिरवायला लागतं. घरी आल्यावर तिने बाटलीत डब्याचं दूध कालवलं. हिंगोलीहून मागवलेली बाटली होती. गावात दुसरी कुणाकडे नव्हती.

"लेकरू वाळून राहिलं, बाई," पंचफुला कुडावरून म्हणाली. "ती बाटली सोडा. दवाखान्यात न्या."

"तुम्हाला एक तरी आहे का?" मंजुळा कडाडली. "मग दुसऱ्याच्या लेकराला नजर कशाला लावता?"

पंचफुला आत गेली.

आठ दिवसांनी निंबाखाली पुन्हा तेच नाव. पुन्हा सगळ्या माना तिकडे. मंजुळाने ओठ आवळले.

"सहा महिन्यांची मुलगी आहे," भोंग्यातून डॉक्टरीणबाई वाचत होत्या. "नऊ दिवस पातळ हगवण. दिवसाला सात-आठ वेळा. बाटलीने डब्याचं दूध पाजतात. बाटली आडाच्या पाण्याने विसळतात, उकळत नाहीत. रडली तर डोळ्यांत पाणी येत नाही."

हिची कुठली सहा महिन्यांची मुलगी! मंजुळाच्या छातीत भडका उठला. आता रेडिओवर नाव यावं म्हणून ही लेकरंसुद्धा बनवायला लागली!

मग तिची नजर मांडीवर गेली. तिने लेकीच्या टाळूवरून हात फिरवला. बोटं खोल गेलेल्या टाळूत खाली गेली.

"या बाईंनी उत्तराची वाट बघायला नको होती," डॉक्टरीणबाई म्हणत होत्या. "मुलीला आजच दवाखान्यात..."

पुढचं मंजुळाने ऐकलं नाही. ती कळमनुरीच्या जीपकडे धावत सुटली होती.

पाचव्या दिवशी ती लेकीला घेऊन परत आली. लेक रडत होती, आणि तिच्या गालांवर पाणी होतं. मंजुळा कुडापाशी गेली.

"माझं नाव का नाही घातलंत?"

"तुमचं नाव शिकलेलं हाय, बाई. भोंग्यावर गेलं तर गाव बोलंल," पंचफुला म्हणाली. "माझ्या नावाला काय व्हतंय?"

मंजुळा तिच्या अंगणाकडे बघत राहिली. तिथे एकही कोंबडी नव्हती. कोंबड्या भागूबाईच्या होत्या. खांदा सुजला होता मुंजाजीच्या बैलाचा. खाज कुणाची, ते गावाला आजही माहीत नाही. इतकी कार्डं, पण पंचफुलाचं स्वतःचं एकही नाही.

"आणि तुम्हाला काय होतंय?"

"काय न्हाई," पंचफुला म्हणाली, आणि तिने पदर तोंडावर धरला.

आत लेक रडली. मंजुळा वळली, पाणी उकळायला ठेवायला गेली. तिने दुसऱ्यांदा विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी कुडापलीकडच्या दाराला कुलूप होतं. भिवाजी तिला घेऊन सिद्धेश्वर धरणाच्या बाजूला कालव्याच्या कामावर गेला होता. कोणत्या कालव्यावर, कुणालाच सांगता येईना.

मंजुळाने चौथं कार्ड लिहिलं. त्यात पदवी नव्हती, नम्र विनंती नव्हती. ते रेडिओला नाही, हे वाचणाऱ्या तुम्हालाच आहे :

'बाई पस्तिशीची. तीन-चार महिन्यांपासून खोकते. बरगडीला हात लावून उभी राहते. हिरव्या बांगड्या कोपरापर्यंत घसरतात. कालव्यावर माती वाहत असेल. नाव पंचफुला. काय होतंय विचारलं तर काय न्हाई म्हणेल. पुन्हा विचारा.'