एकच हरकत

पाचवी सही अर्जुनरावांची हवी होती, आणि अर्जुनराव पेनाचं टोपण काढायला तयार नव्हते.

नोटरी व्हायचं तर आधी वकिली अंगात मुरावी लागते. पुरुषाला दहा वर्षं, बाईला सात. शिवाय न्यायदंडाधिकारी, बँकेचा मॅनेजर, एक व्यापारी आणि भागातली दोन प्रतिष्ठित माणसं यांनी अर्जावर सह्या करायच्या, म्हणजे हे माणूस भरवशाचं आहे असं सरकारला वाटतं. वनमालाच्या वकिलीला नऊ वर्षं झाली होती आणि चार सह्या मिळाल्या होत्या. चकलांब्यात प्रतिष्ठित कोण म्हटलं की लोक अर्जुनरावांच्या बंगल्याकडं बोट दाखवतात, म्हणून ती गेवराईहून आपल्या गावी आली होती.

अर्जुनरावांनी चहा पाजला, तिच्या शिक्षणाचं तोंड भरून कौतुक केलं. मग म्हणाले, "पोरी, आमचा अमरसिंह बी अर्ज करतोय. पुतन्याला सोडून तुला सही दिली तर घरात भाकर मिळंल का मला?" जरा थांबून त्यांनी विचारलं, "पेपरात हरकती मागवत्यात म्हनं?"

"मागवत्यात, काका."

"बरं," अर्जुनराव म्हणाले. त्या 'बरं'ची धास्ती घेऊनच ती गेवराईला परतली.

पाचवी सही निवृत्त हेडमास्तर राधाकिशन गुरुजींनी दिली, तीही अर्ज तीनदा वाचून.

लहानपणी वडिलांचं बोट धरून ती गेवराईच्या कोर्टाबाहेर उन्हात उभी राहिली होती. वडिलांच्या ज्या कागदाला कुणी हिंग लावून विचारत नव्हतं, त्याच्यावर नोटरीनं गोल शिक्का मारला आणि दुसऱ्या दिवशी त्याच कागदासाठी लोकांनी वडिलांना बसायला खुर्ची दिली. तेव्हापासून तिला त्या शिक्क्याचं अप्रूप होतं, आणि भीतीही वाटायची. एवढी ताकद सरकार एका माणसाच्या हातात कशी देतं, याचं नवल तिला वकील झाल्यावरही ओसरलं नव्हतं.

पेपरात सूचना छापून आली. तिनं ती आईला, छबुबाईला, वाचून दाखवली: अमुक अर्जदाराबद्दल कुणाची हरकत असल्यास कळवावी.

छबुबाईनं विचारलं, "अन् कुनाला चांगलं सांगायचं आसलं तर?"

वनमालाला हसू आलं. चांगलं ऐकायची सोय न्हाई, सरकार फक्त हरकत ऐकतं, असं तिनं सांगितलं. "आसं व्हय," म्हणून छबुबाई भाकरी थापायला बसली.

महिन्याभरानं पत्र आलं. तिच्या अर्जावर एक हरकत दाखल झाली होती आणि मुलाखतीत तिला त्या हरकतीचा खुलासा द्यायचा होता. हरकत घेणाऱ्याचं नाव पत्रात नव्हतं, पण गावानं ते आपलं आपण भरून टाकलं. नोटरीची जागा एकच होती. या खेपेला ती हातची गेली, तर पुन्हा कधी निघेल ते देव जाणे. वनमालाला चार दिवस अन्न गोड लागलं नाही.

मुलाखतीला तीन साहेब बसले होते. कायद्याचे प्रश्न तिनं धडाधड सोडवले. मग मधल्या साहेबांनी वहीच्या पानावर लिहिलेला एक अर्ज काढला आणि सावकाश वाचला.

"'अर्जदार बाई लई ताठ आहे. सहा सालांमागं आमच्या गावची एक विधवा ऊसतोडीला कर्नाटकात गेली होती. घरकुलाच्या प्रतिज्ञापत्रावर तिनं तिथंच अंगठा करून कागद मुकादमाबरोबर पाठवला. अर्जदार बाईनं वकील म्हणून ओळखीची सही केली नाही. म्हणाली, माणूस समोर नाही. मुदत टळली, विधवेचं घरकुल गेलं. हिच्या हातात शिक्का दिला तर घरबसल्या कुणाचंच काम होणार नाही.'"

ही गोष्ट अर्जुनरावांना कशी कळली, असा प्रश्नच नव्हता. सगळ्या गावाला ती ठाऊक होती.

"खरं आहे हे?"

"खरं आहे."

"त्या बाईला तुम्ही ओळखत होता?"

"हो."

"अंगठा तिचाच आहे, याची शंका होती?"

"नव्हती." वनमाला पुढं म्हणाली, "पण सही करताना 'माझ्या समक्ष' असं लिहावं लागतं, साहेब. ती माझ्या समक्ष नव्हती. तिचं घर गेलं, त्याचं मला आजही वाईट वाटतं. पण उद्या तसाच कागद आला तर उद्याही सही करणार नाही."

डावीकडच्या साहेबांनी पेन खाली ठेवून तिच्याकडं नीट पाहिलं. उजवीकडच्यांनी नकळत हात जोडले, आणि मग ओशाळून टेबलाखाली नेले.

"शिफारशी आमच्याकडं ढिगानं येतात," मधले साहेब म्हणाले. "त्या आम्ही वाचत नाही. ही हरकत मात्र तिघांनीही दोनदा वाचली. कुणी घेतली असेल, काही अंदाज?"

गावातले एक वजनदार गृहस्थ असतील, वनमाला म्हणाली, आणि त्यांना आपण दोष देत नाही.

"टपालानं पाठवली असती तरी चाललं असतं. पण ही व्यक्ती तुमच्या भागातून एवढ्या लांब स्वतः आली. समोर उभं राहिल्याशिवाय कागद खरा होत नाही, असं आमच्याच कारकुनाला ऐकवून गेली."

त्यांनी कागद तिच्याकडं फिरवला. तळाशी निळ्या शाईतला अंगठा होता, आणि शेजारी कारकुनाच्या अक्षरात लिहिलं होतं: 'समक्ष हजर. छबुबाई, वरील मजकुरातली विधवा. अर्जदाराची आई.'