रिकामा दिवस

दिवस चौथा : खेडी, द्राक्षांचे मळे.
दिवस पाचवा :

"हा रिकामा का?" नवऱ्याने विचारलं.

"मीच ठेवायला सांगितलाय," ती म्हणाली. "एक दिवस मला कुणी उठवू नका, काही विचारू नका."

"एवढी शाही सहल आपल्या मापाने शिवून घेतोय, ती काय झोपा काढायला?" त्याने त्या रिकाम्या ओळीत किल्ला लिहून टाकला.

सहल आखणाऱ्या बाईंनी तिचा दिवस समुद्रावर सरकवला. तिथे मुलांनी बोटीची सफर घुसवली. मग तो जुन्या शहरात नेला, तर सासूबाई म्हणाल्या, "बाजारात माझ्याबरोबर काय भिंती येणार?" प्रत्येक बदलानंतर बाई तिच्याकडे बघायच्या आणि ती म्हणायची, "राहू दे."

शेवटच्या आराखड्यात एकही ओळ रिकामी नव्हती.

"फक्त परतीच्या विमानात एक जागा कमी पडतेय," बाई तिच्याकडे न बघता, चष्मा पुसत म्हणाल्या. "ताईंना एक दिवस मागे थांबावं लागेल."

"अरे देवा! एकटी काय करणार ती तिथे?" नवरा म्हणाला.



"काढीन कसाबसा," म्हणत तिने मोठा सुस्कारा सोडला.