निळा स्टिकर

दसऱ्याच्या सकाळी विनीत आपला डबा स्कूटरवर दोन पायांत धरून मानपाड्याला साकेतच्या घरी पोचला. डबा म्हणजे गेमिंगचा कॉम्प्युटर. दर दसऱ्याला दोघं आपापले डबे उघडायचे, आतली धूळ काढायचे आणि मग झेंडू, हळदकुंकू. साकेत फुलं आणायला खाली गेलेला. तोवर आपण सुरुवात करू म्हणून विनीतने त्याचा डबा पुढे ओढला आणि बाजूचं पत्र्याचं झाकण काढलं.

आतल्या पंख्यावर एएमडीचं नाव होतं.

विनीतला आधी वाटलं, भलत्याचाच डबा उघडला. पण नाही, पुढे तोच इंटेलचा निळा स्टिकर, कोपऱ्यात साकेतच्याच नखाने उचकटलेला.

आता ह्यात काय एवढं, असं कुणालाही वाटेल. पण विंडोज सोडून लिनक्सवर गेम खेळणारी माणसं डोंबिवलीत असतात किती? अर्धा रविवार ह्यांचा गेम चालू करण्यातच जातो. तरी त्यांच्या एवढ्याशा ग्रुपमध्ये दोन तट: इंटेलची चिप वापरणारे निळे, एएमडीची वापरणारे लाल. आणि निळ्यांचा सेनापती साकेत. विनीतचा मामेभाऊ अपूर्व लाल झाला तेव्हा ह्याच साकेतने त्याला ग्रुपवर गद्दार म्हटलं. तू अ‍ॅडमिन आहेस, तूच काढ त्याला, असं विनीतला फोन करून सांगितलं. विनीतने काढलं. त्यानंतर मामाच्या गणपतीलाही तो कोपरला गेला नाही. कुठल्या तोंडाने जाणार? मन खायला लागलं की तो साकेतलाच विचारायचा, स्टेशनवर दिसतो ना तुला अपूर्व, काही बोलला का रे. साकेत म्हणायचा, अजून तापलेला आहे, थांब जरा.

विनीतने मोबाइलचा टॉर्च आत मारला. सगळ्या वायरी नाडाछडीने बांधलेल्या, पूजेच्या त्या लाल-पिवळ्या दोऱ्याने, बारीक गाठी मारून. प्लॅस्टिकच्या पट्ट्या सोडून वायरींना नाडाछडी बांधणारा माणूस अख्ख्या ग्रुपमध्ये एकच होता. आणि त्यावरून त्याला सगळ्यांत जास्त चिडवायचा तो साकेत.

साकेतची आई, सरोजकाकू, पूजेचं ताट घेऊन आल्या. उघडा डबा बघून त्यांना कौतुकच वाटलं.

"अपूर्वनेच बसवून दिलं ना सगळं. दिवसभर खपत होता बिचारा," त्या म्हणाल्या. "तुझी चौकशी करत होता रे. साकेत म्हणाला, विनीतला तुझं तोंडही बघायचं नाहीये. असं नको करूस बाळा, घरातला मुलगा आहे तो."

असं विनीत कधी कुणापाशी बोललाच नव्हता. ज्याच्यासाठी भावाला तोडलं, तो त्याच भावाला घरी बोलावून पोहे खाऊ घालत होता, आणि वर हे. रागाने त्याचे कान तापले.

तेवढ्यात झेंडूची पिशवी घेऊन साकेत दारात आला आणि उघडा डबा पाहून तिथेच थांबला. गेम अडकत होते, मग काय करणार, दिवाळीनंतर सांगणारच होतो, असं काहीबाही तो बोलत राहिला. विनीतने एवढंच विचारलं.

"तोंड बघायचं नाही, हे मी कधी म्हटलं?"

साकेत पिशवीची गाठ सोडत बसला.

"अरे, तुम्ही दोघं बोलायला लागला असता तर मी उघडा पडलो असतो ना," तो शेवटी म्हणाला. "आणि बघ, निळा स्टिकर काढलेला नाहीये मी."

विनीतने झाकण लावून स्क्रू पिळले. ताटातलं कुंकू बोटावर घेतलं आणि स्टिकरवर लावलं. मग पुन्हा घेतलं. निळं दिसेनासं होईपर्यंत तो लावत राहिला.

"अरे, पुरे पुरे," काकू म्हणाल्या. "तुझ्या डब्याला राहू दे की थोडं."

विनीतने आपला डबा उचलला.

"त्याची पूजा मामाकडे करतो, काकू," तो म्हणाला. "वायरी बांधून घ्यायच्यात."