मनगटावरचं कार्ड

अमेरिकन फुटबॉलचा शनिवारचा सामना अठ्ठावीस गुणांनी गेला आणि रविवारी चर्च सुटताच कोच लिंडक्विस्टनं सगळ्या संघासमोर चित्रफीत लावून मैदानावर चाल खेळवणाऱ्या पहिल्या वर्षाच्या क्वार्टरबॅकची, टेव्हियनची, बिनपाण्यानं हजामत सुरू केली. “मी चौदा नंबर ओरडतोय, म्हणजे चेंडू घेऊन पळायचं, हा शहाणा फेकत बसलाय! मनगटावर चालींचं कार्ड बांधून दिलंय, नंबर बघायचा, चाल खेळायची. माझ्या कुत्र्यालाही जमेल!” पोरं खिदळली. टेव्हियननं खिशातून कालचं कार्ड काढून टेबलावर ठेवलं. “मध्यंतरानंतर हे तुम्हीच बांधलंत, कोच. चाली जुळत नाहीत हे दोनदा सांगायला आलो, तुम्ही हाकललंत.” लिंडक्विस्टनं कार्ड पाहिलं. अक्षर त्याचंच होतं, पण माथ्यावर नाव होतं त्याआधीच्या सामन्यातल्या प्रतिस्पर्ध्याचं. चौदा नंबरपुढे लिहिलं होतं: फेक. कोचनं कार्ड खिशात सारलं आणि रिमोट उचलला. “चल, तुझी पुढची चूक बघू.”